संत्र्याच्या पेटीवर मौजा हवा

नागपुरातील गांधीबागेच्या ठोक कापडबाजारातील जाणता व्यापारी ताग्यावरचा शिक्का वाचण्यापूर्वी कापडाचा पोत अंगठा आणि तर्जनी यांत चोळून पाहतो व मगच भावाची गोष्ट काढतो. परीक्षेचा हा क्रम जिभेच्या विषयांतही पाळला जावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात उंची पांढऱ्या वाइनची पारख अशीच होते. वाइन फार थंड असू नये, कारण गारठ्याने गंध कोंडतो. आधी वर्ण, मग गंध, मग आम्लता, आणि घोट उतरल्यावर चव किती वेळ रेंगाळते याची नोंद. ही वाइन बहुतांशी शार्दोने या एकाच द्राक्षाची. तरीही म्युर्सो आणि पुलिन्यी या लगतच्या गावांची रुची भिन्न मानली जाते, आणि गावाचे, कित्येकदा शिवाराचेही, नाव बाटलीवर छापलेले असते. ही शिवारे २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाली. मात्र १९७६ साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी नावे झाकून चव घेतली, तेव्हा कॅलिफोर्नियाची शार्दोने बर्गंडीच्या वर ठरली. लौकिक झाकून निकाल देण्याची ती तयारी मला त्या लौकिकाइतकीच मोलाची वाटते.

आमच्या संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी येथील फळ ‘नागपुरी’ या एकाच नावाखाली विकले जाते, आणि दर ठरतो तो मुख्यत्वे आकार व रंग पाहून. साल सोलताना उडणारा तेलाचा सुगंधी तुषार, दाताखाली फोड रसाने फुटते की कोरडी निघते, आंबटाची धार गोडीला कितपत तोलून धरते, यांची दखल दरात क्वचितच येते. हिवाळ्याच्या तोंडी येणारा आंबिया आणि फेब्रुवारी-मार्चमधला मृग या दोन बहारांतील अंतर बागायतदाराला पाठ असते. शहरी गिऱ्हाइकाला मात्र ते कोणी सांगतच नाही, आणि मग पाण्याचा ताण नेमका देऊन झाड जपणाऱ्याच्या फळाला निष्काळजी शेजाऱ्याच्या फळाचाच भाव मिळतो.

पेटीवर गाव नोंदवायचे ठरले तर गावांची नावे खोटी छापली जातील, हा आक्षेप वाजवी आहे. म्हणूनच तपासणी हवी. बाजार समित्यांनी येत्या आंबियापासून प्रत्येक पेटीवर मौजा, बहार आणि तोडणीची तारीख नोंदवावी, आणि नागपुरातील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने बागायतदार व अडत्ये यांना एकत्र बसवून, नावे झाकलेल्या नमुन्यांची दरवर्षी चव घ्यावी व निकाल वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करावा.