दुसरा कंट्रोलर कोणाच्या हातात?

दिवाळीचे सेल जवळ आले की कॉलेजच्या कँटिनमध्ये एक भांडण ठरलेलं असतं. पीएस फाइव्ह भारी की एक्सबॉक्स? बोलणाऱ्या बहुतेकांकडे दोन्ही नसतात, पण टेराफ्लॉप तोंडपाठ असतात. सिरीज एक्सचे बारा, पीएस फाइव्हचे दहा, सिरीज एसचे चार. चहा संपतो, बिल कोणी द्यायचं यावर दुसरं भांडण सुरू होतं आणि पहिलं तसंच राहतं.

यंदा ते भांडण आमच्या घरी आलं. माझा चुलतभाऊ एस.वाय.ला आहे. मे महिन्यात त्याने ओळखीच्या एका बागायतदाराकडे काम केलं, आढीतले आंबे निवडले, पेट्या भरल्या आणि बावीस हजार रुपये साठवले. आता उरलेले पैसे हप्त्याने भरून त्याला पीएस फाइव्ह घ्यायचाय. हप्ता अर्थातच काकांच्या नावावर. मला म्हणतो, "ताई, तू पेपरात आहेस. तू सांगितलंस तर बाबा ऐकतील." काका ऐकतील की नाही हा वेगळा विषय, पण सांगायचं तर आधी आपल्याला कळायला हवं, म्हणून मी बसून हिशेब केला.

पीएस फाइव्ह भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला. डिस्क घालता येते तो ४९,९९० रुपयांना आणि फक्त डाउनलोडवर चालतो तो ३९,९९०ला. एप्रिल २०२४मध्ये त्याचं सडपातळ रूप आलं, तेव्हा हेच आकडे ५४,९९० आणि ४४,९९० झाले होते. एक्सबॉक्सची दोन मशीन त्याआधी, १० नोव्हेंबर २०२० रोजी आली होती. सिरीज एक्स ४९,९९०ला, धाकटा सिरीज एस ३४,९९०ला. त्यांच्याही किमती नंतर चढल्या. मशीन जुनं होत गेलं की स्वस्त होतं, हे टीव्ही-फ्रिज घेताना ऐकलेलं शहाणपण इथे चालत नाही. सेलमध्ये तात्पुरती सूट मिळते, तेवढीच.

पण खरा घोळ पुढे आहे. या खोक्यांत कंट्रोलर एकच येतो. पीएस फाइव्हचा दुसरा घ्यायचा तर लाँचच्या वेळी तो ५,९९०ला होता. सोनीचा स्वतःचा नवा मोठा गेम ४,९९९ला. म्हणजे मशीन, दुसरा कंट्रोलर आणि एक गेम मिळून ६६ हजारांना एकवीस रुपये कमी. कँटिनमधल्या भांडणात हा दुसरा कंट्रोलर कधी येतच नाही. माझं म्हणणं असं की आपल्यासारख्यांनी तुलना तिथूनच सुरू करावी. तो दुसरा कंट्रोलर कोणाच्या हातात जाणार आहे, हे आधी ठरवा, मग मशीन ठरवा.

आपल्याकडे पहिल्यापासून असंच चालत आलंय. आमच्या मोठ्या आत्येभावाकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, पिवळी कॅसेट घालायचा. कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची. 'काँट्रा' आणि 'मारिओ' आम्ही त्याच्यावर खेळलो, आणि 'काँट्रा'त दोघे लागायचेच. एकाने वरच्या फळीवर राहायचं, दुसऱ्याने खालून गोळ्या घालायच्या. बरंच नंतर कळलं की ते मशीन म्हणजे निन्टेंडोने १९८३ साली जपानमध्ये काढलेल्या फॅमिकॉमची स्वस्त नक्कल. म्हणजे निन्टेंडो कंपनीने आपल्याकडे दुकान थाटलं नाही, तरी एक पिढी निन्टेंडो खेळत मोठी झाली. त्या खोक्यात दोन कंट्रोलर असायचे, हे लक्षात घ्या.

आजही दुसऱ्या खेळाडूचा विचार सगळ्यात जास्त निन्टेंडोच करते. २०१७च्या स्विचला दोन बाजूंना जे छोटे जॉय-कॉन असतात, ते काढून एकेकाने एकेक धरला की दोघे खेळायला मोकळे. वेगळा खर्च नाही. 'मारिओ कार्ट ८ डिलक्स'मध्ये एका स्क्रीनवर चौघे शर्यत लावू शकतात, आणि ते शिकायला सहा वर्षांच्या पोराला आणि साठीच्या आजीला सारखाच वेळ लागतो. गणपतीत मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी घर भरलेलं असतं, आरत्या झाल्यावर ओटीवर पत्त्यांचा डाव पडतो, त्या वातावरणात शोभणारं मशीन हेच.

आता अडचण. निन्टेंडो भारतात अधिकृतपणे स्विच विकत नाही. ५ जून २०२५ला जगात स्विच टू आला, आपल्याकडे तोही बाहेरून आणलेलाच मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा किंवा ऑनलाइन आयातवाल्याकडून घ्या, बिघडला तर वॉरंटी कोणाकडे मागायची हा प्रश्न राहतोच. जॉय-कॉनची काठी हात न लावता आपोआप सरकायला लागते, ही तक्रार जगभर झालीय. शिवाय निन्टेंडोचे गेम वर्षानुवर्षं स्वस्त होत नाहीत.

यातला सगळ्यात विचित्र भाग पुण्याचा आहे. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा गेम बनवला. धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली मुलगी त्याची नायिका. आपल्या पुराणकथा, आपल्याकडच्या वास्तू, बाहुल्यांच्या सावल्यांतून सांगितलेली गोष्ट. १८ ऑगस्ट २०२०ला तो आला तो आधी स्विचवर! पीएस फोर, एक्सबॉक्स वन आणि पीसीवर यायला १५ ऑक्टोबर उजाडला. पुण्यात बनलेला गेम दोन महिने फक्त अशा मशीनवर, जे पुण्यातच अधिकृतपणे मिळत नाही. त्या कंपनीला दोष देत नाहीये मी, त्यांना जिथे बाजार मिळाला तिथे ते गेले. पण आपण कंपन्यांच्या नकाशावर नेमके कुठे आहोत, ते यातून दिसतं. आणखी एक उदाहरण: नोव्हेंबर २०२४मध्ये पीएस फाइव्ह प्रो आला, तोही भारतात नाही. त्यातलं वायफाय ज्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतं, त्याला तेव्हा आपल्याकडे परवानगी नव्हती.

एकट्याने खेळणाऱ्यांचं काय? त्यांच्यासाठी पीएस फाइव्ह, यात मला वाद वाटत नाही. 'गॉड ऑफ वॉर'सारखी गोष्ट रात्री दिवे मालवून एकट्यानेच बघावी, खेळावी. 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी'त तर आपला पश्चिम घाटच आहे, कर्नाटकाच्या बाजूचा. पावसातला हिरवा रंग त्यांनी बऱ्यापैकी पकडलाय. फक्त हे मान्य करा की तुम्ही ते स्वतःसाठी घेताय. मग 'घरातल्या सगळ्यांसाठी घेऊ' असं सांगून वडिलांकडून पैसे काढू नका.

एक्सबॉक्सचा सिरीज एस स्वस्त, आणि गेम पासची वर्गणी भरली की शेकडो गेम उघडतात, म्हणून तो 'स्टुडंट कन्सोल' असं सगळे सांगतात. सांगणारे बहुधा पुण्या-मुंबईचे. सिरीज एसला डिस्कच घालता येत नाही, सगळं डाउनलोड करायचं. मोठा गेम सहज १०० जीबीचा असतो. घरी ४० एमबीपीएसची लाइन पूर्ण वेगाने चालली तरी साडेपाच तास लागतात. आणि रूमवर राहणारा, दिवसाला दीड जीबीचा मोबाइल पॅक असलेला विद्यार्थी? त्याला ६७ दिवस. तोपर्यंत सेमिस्टर संपत येईल. वर्गणीचाही भरवसा नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये अमेरिकेत गेम पास अल्टिमेट महिना २० डॉलरवरून थेट ३० डॉलर झाला.

तरी एक्सबॉक्सची एक गोष्ट मला आवडली. जुन्या एक्सबॉक्स वनचा कंट्रोलर नव्या मशीनवर चालतो. कोणाकडे पडून असेल तर दुसऱ्या खेळाडूची सोय फुकटात झाली, पेन्सिल सेल तेवढे घालायचे. सोनीचं तसं नाही. पीएस फोरचा कंट्रोलर पीएस फाइव्हला जोडता येतो, पण त्यावर जुने गेमच खेळायचे, पीएस फाइव्हचे नाही.

डिस्कचं महत्त्व मोठ्या शहरात कळत नाही. आपल्याकडे डिस्क फिरते. नाचण्यातून माळनाक्याला, तिथून भाट्याला, परत येईपर्यंत तिच्यावर चार जणांच्या बोटांचे ठसे. खेळून झाली की विकताही येते. डाउनलोड केलेला गेम ना कोणाला देता येतो, ना विकता येतो. २ सप्टेंबर २०२०ला पबजी मोबाइलवर बंदी आली, तेव्हा त्यात पैसे घातलेल्यांना हातात काहीच नसणं म्हणजे काय ते चांगलं कळलं. डिस्कवाला पीएस फाइव्ह दहा हजारांनी महाग असला, तरी फिरत्या डिस्कवर ते दहा हजार दीड-दोन वर्षांत वसूल होतात असा माझा हिशेब आहे.

आणि लाइट. जूनपासून आमच्याकडे ती येते-जाते, त्यामुळे हा विषय हसण्यावारी नेऊ नका. पीएस फाइव्ह मोठा गेम चालवताना साधारण २०० वॉट घेतो, टीव्ही वेगळा. सिरीज एस त्याच्या निम्म्याहूनही कमी. घरच्या इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवे सोडून हे चालवलंत तर आई काय म्हणेल ते मी इथे लिहीत नाही. स्विचला स्वतःची बॅटरी आहे, २०१९नंतरच्या मॉडेलची साडेचार ते नऊ तास जाते.

आता ज्या कारणासाठी हे सगळं लिहायला घेतलं, ते सांगते. गेल्या वर्षी शहरातल्या एका गेम झोनमध्ये मी गेले होते. आत मी एकटीच मुलगी. कोणी वाईट वागलं नाही, पण माझा नंबर आला तेव्हा एकाने विचारलं, "ताई, खेळणार की भावाची वाट बघताय?" मी 'टेकन' खेळले, दोन जिंकले, एक हरले आणि परत गेले नाही. माझ्या बहुतेक मैत्रिणी एकदाही गेलेल्या नाहीत. आमच्यासाठी घरातला कन्सोल हीच खेळायची एकमेव जागा असते, आणि घरात कंट्रोलर एक असेल तर तो कोणाकडे असतो हे सांगायला नको. माझ्या चुलतभावाची बहीण दहावीत आहे. फोनवर ती त्याला सहज हरवते. ६६ हजारांच्या त्याच्या हिशेबात दुसरा कंट्रोलर 'नंतर बघू' या खात्यात होता.

म्हणून मी काकांकडे शिफारस केली नाही, चुलतभावालाच सांगितलं की हप्ता घेऊ नकोस. बावीस हजारांत सेकंड हँड पीएस फोर येतो, डिस्कवाला, दोन कंट्रोलरसकट. तो २०१३चा, म्हणजे म्हातारा, पण 'क्रिकेट २४' त्यावर चालतो, फुटबॉलचा नवा गेम अजून त्यावर येतो. आणि 'इट टेक्स टू' त्यावर आहे, दोघांशिवाय खेळताच येत नाही असा गेम, २०२१चा द गेम अवॉर्ड्समधला सर्वोत्कृष्ट. तो आठवडाभर रुसला. कँटिनमध्ये काय सांगू, म्हणाला.

साळवी स्टॉपजवळ एक जण सतरा हजारांना विकतोय. शनिवारी बघायला जायचंय. चालू करून, अकाउंट उघडून बघणार, डिस्क घालून अर्धा तास चालवणार, पंख्याचा आवाज ऐकणार. मागच्या पोर्टला खाऱ्या हवेचा गंज धरलाय का तेही बघायचं, समुद्राकाठच्या घरातलं मशीन आहे. त्याची बहीणही येतेय. काठी सरकते का हे तिला त्याच्याआधी कळतं.