मागची सीट

तुमच्या वह्यांची शेवटची पाने मी मुद्दाम पाहतो. तिथे गणिताची कच्ची आकडेमोड असते, क्रिकेटच्या धावा असतात आणि बऱ्याच वेळा एक मोटारसायकल काढलेली असते. चित्र सुंदर असते. सायलेन्सर, आरसे, टाकीवरचे नाव, सारे काही जागच्या जागी असते. पाचवीपासून गाईचे चित्र नीट न जमलेला मुलगाही गाडीचे इंजिन बिनचूक काढतो!

उर्दूत आपण ज्याला 'शौक' म्हणतो, त्याला मराठीत आवड, छंद, हौस असे वेगवेगळे शब्द आहेत. मोटारसायकलीला 'हौस' हा शब्द शोभतो. छंद थोड्या खर्चातही जोपासता येतो, हौसेला पैसा लागतो आणि तुमच्या वयात तो पैसा अब्बांच्या खिशातून येतो. म्हणून गाडीच्या हौसेविषयी लिहायचे तर वडिलांविषयी लिहावेच लागते. आज मला लिहायचे आहे ते म्हातारे होत चाललेल्या वडिलांविषयी आणि त्यांच्या गाडीच्या किल्लीविषयी. तुमच्यापैकी काहींचे अब्बा अजून तरुण असतील. त्यांनी दादाजान किंवा नानाजान डोळ्यांपुढे आणावेत.

आपल्या कोपरगावकडे दुचाकी कशी आली, हे आधी पाहू. पूर्वी कारखान्यावर कामाला जाणारा मनुष्य सायकलीवर जाई. सन १९७२ मध्ये फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंग कंपनीने 'लूना' बाजारात आणली. ही गाडी आपल्याच जिल्ह्यात, नगर शहरात तयार होत असे. तेव्हा जिल्ह्याचे नाव अहमदनगर होते, २०२४ मध्ये ते अहिल्यानगर झाले. लूनाला सायकलीसारखे पायडल होते. पेट्रोल संपले तर पायडल मारत घरी येता येई. दुधाच्या किटल्या, भाजीच्या पाट्या, कापडाचे गठ्ठे, सारे काही लूनावर लादले जाई. त्याच वर्षी बजाज कंपनीची 'चेतक' स्कूटर आली. महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव तिला दिले होते. पैसे भरूनही ती मिळायला अनेक वर्षे थांबावे लागे. आज दुकानात जाऊन संध्याकाळी गाडी घरी आणणाऱ्यांना हे खोटे वाटेल. लग्न ठरण्यापूर्वी नोंदवलेली स्कूटर मूल चालू लागल्यावर दारात येई, असे थोरली माणसे हसत सांगतात.

त्या स्कूटरवर बसण्याचीही एक रीत होती. लहान मूल पुढे, हँडलला धरून उभे. मधे अब्बा. मागे अम्मी आणि तिच्या मांडीवर धाकटे बाळ. आजच्या नियमांप्रमाणे हे धोक्याचे होते आणि तसे कुणी बसवू नये. पण तुमच्या वडिलांना त्यांच्या बालपणाविषयी विचाराल, तर चेहऱ्यावर येणारा तो वारा त्यांना पहिल्याने आठवेल.

या गाड्यांनी त्या पिढीला एक विद्याही शिकवली. लूना आणि चेतक या टू-स्ट्रोक इंजिनाच्या गाड्या होत्या. अशा इंजिनाला वंगण देण्यासाठी पेट्रोलमध्येच ठरावीक प्रमाणात ऑईल मिसळावे लागते. ऑईल कमी पडले तर इंजिन जाम होते, जास्त झाले तर धूर होतो आणि प्लगवर काजळी बसते. मग गाडी रस्त्याच्या कडेला लावायची, प्लग काढायचा, सॅंडपेपरने घासायचा आणि पुन्हा किक मारायची. चेतक सुरू होत नसेल तर ती एका बाजूला कलती करून सरळ करायची. हे सारे अब्बांना पुस्तकावाचून येत होते. १९८५ मध्ये फोर-स्ट्रोक इंजिनाची हीरो होंडा आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि पेट्रोलमध्ये ऑईल मिसळण्याचे काम हळूहळू संपले. गाडी सोयीची झाली. पण आवाजावरून दुखणे ओळखणारा कान मात्र मागच्या पिढीबरोबरच राहिला. गल्लीतून गाडी गेली की ओट्यावर बसलेले वडील म्हणतात, 'चेन सैल झाली आहे हिची.' मुलगा हसतो. दुसऱ्या दिवशी मिस्तरीही तेच सांगतो आणि त्याचे पैसे घेतो.

आता या जुन्या गाड्यांना पुन्हा मान आला आहे. जावा मोटारसायकलीचे उदाहरण घ्या. हे नाव जावा बेटावरून आलेले नाही. यानेचेक हे तिच्या चेक निर्मात्याचे आडनाव आणि वांडरर ही जर्मन कंपनी, या दोन्हींची पहिली अक्षरे जोडून ते झाले. भारतात म्हैसूरला १९६१ पासून ती तयार होऊ लागली. पुढे तीच 'येझदी' नावाने विकली गेली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. तिचा एकच दांडा किक म्हणून आणि गिअर म्हणून, अशा दोन्ही कामांना येई. कारखाना बंद पडला तरी हौशी लोकांनी गाड्या सोडल्या नाहीत. जुलै महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले ठिकठिकाणी एकत्र जमतात. अशा ठिकाणी कुणालाही विचारा, 'गाडी कुठून घेतली?' निम्मे लोक अभिमानाने म्हणतील, 'वडिलांची आहे.'

हा अभिमान मला आवडतो. पण त्यात एक गोष्ट खटकते, ती लिहून टाकतो. काही जण वडिलांच्या गाडीला मुंबईहून सुटे भाग मागवतात, नवा रंग देतात, रविवारची सकाळ तिला पुसण्यात घालवतात. ती गाडी ज्यांनी हप्ते भरून घेतली, ते वडील आतल्या खोलीत एकटे बसलेले असतात. गाडी जुनी झाली की तिला भाव येतो, माणूस जुना झाला की त्याचे बोलणे लांबते म्हणून आपण उठून जातो. अहो, ती पुसायला त्यांनाही बोलवा. एक पाना त्यांच्या हातात द्या. घरात ज्या बापलेकांना बोलायला विषय सापडत नाही, ते कार्ब्युरेटर उघडून बसले की तासभर बोलतात.

अमेरिकेतील रॉबर्ट पिर्सिग हे लेखक १९६८ मध्ये आपल्या लहान मुलाला मागे बसवून मोटारसायकलीवर लांबच्या प्रवासाला गेले होते. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९७४ मध्ये निघाले आणि जगभर वाचले गेले. मागे बसलेल्या मुलाची त्यात एक अडचण आहे. वडिलांच्या पाठीमुळे त्याला पुढचा रस्ता दिसत नाही. आपण सारेच लहानपणी असे बसलो आहोत. पुढे दिवस बदलतात. हँडल मुलाच्या हातात येते आणि मुलाची पाठ पाहत वडील मागे बसतात. ज्यांनी तीस-चाळीस वर्षे रस्ता स्वतः पाहिला, त्यांना आता तो दिसत नाही. ही गोष्ट वाटते तितकी लहान नाही.

हे दिवस तुमच्यावर लवकर येऊ नयेत, पण घाई करणारी काही मुले ते उलट्या बाजूने आणतात. मिसरूड फुटण्याआधी त्यांना किल्ली हवी असते. गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर त्याच्या पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. म्हणजे चक्कर तुमची आणि तुरुंग अब्बांचा! 'फक्त चौकापर्यंत जाऊन येतो' असे म्हणताना एवढे ध्यानात असू द्या.

आता अवघड भागाकडे येतो. वडील पासष्ट-सत्तरीचे झाले आहेत आणि अजून गाडी चालवतात. चालवू द्यावी की नाही?

माझे मत असे की केवळ वय पाहून किल्ली काढून घेऊ नये, पण डोळे, कान आणि गुडघे यांनी 'नाही' म्हटले तर ती चालूही देऊ नये. मोटारसायकल ही चारचाकीसारखी नसते. ती थांबली की तिला पायावर तोलावे लागते. साधी स्प्लेंडर सुमारे ११० किलोची आणि बुलेट तर १९० किलोच्या आसपास. गुडघा दुखणाऱ्या माणसाचा पाय खड्ड्यात पडला, की गाडी त्याच्याच अंगावर येते. मोतीबिंदू वाढू लागला की समोरच्या गाडीचा दिवा फुटल्यासारखा पसरून दिसतो. आणि आपला नगर-मनमाड रस्ता तुम्हांला ठाऊक आहे. शिर्डीला येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची त्यावर रात्रंदिवस रीघ असते. उसाचा हंगाम सुरू झाला की बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर निघतात. मागे लाल दिवा किंवा चकाकणारी पट्टी नसेल, तर अंधारात ती ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत चांगल्या डोळ्यांनाही दिसत नाही.

म्हणून कधीतरी 'अब्बा, आता पुरे' असे म्हणावेच लागते. आईवडिलांपुढे 'उफ्' हा शब्दही तोंडातून काढू नये, हे तुम्ही मौलवीसाहेबांकडून शिकला आहात. काही मुले त्याचा अर्थ असा करतात की वडिलांना कोणत्याच गोष्टीला नाही म्हणायचे नाही. मला तो अर्थ पटत नाही. वडील पडतील हे दिसत असताना गप्प राहणे, याला मी अदब म्हणणार नाही. प्रश्न आहे तो कसे म्हणायचे याचा. कुणी किल्ली लपवून ठेवतो आणि वडील घरभर शोधत फिरतात. कुणी पाहुण्यांसमोर म्हणतो, 'यांना आता दिसत नाही, तरी ऐकत नाहीत.' कुणी न विचारता गाडी विकून टाकतो. 'उफ्' म्हटले नाही, एवढेच! अपमान तर पुरता झाला.

किल्ली गेली म्हणजे वडिलांचे नेमके काय जाते, याचा विचार करा. पहाटे फज्रच्या नमाजला मशिदीत जाणे जाते. आठवडे बाजारात स्वतः पाहून भाजी घेणे जाते. दुसऱ्या गल्लीतला जुना दोस्त सुटतो. आपले रेल्वे स्टेशन गावापासून लांब, तिथे कुणाला घ्यायला जाणे संपते. पाच रुपयांच्या कोथिंबिरीसाठीही मुलाला विनंती करावी लागते आणि ज्याने आयुष्यभर घर चालवले त्याला विनंती करणे जड जाते. म्हणून तो म्हणतो, 'नको, आज काही काम नाही.' घरच्यांना वाटते, आता ते शांत झाले.

तेव्हा किल्ली मागण्यापूर्वी त्यांच्या जाण्यायेण्याची सोय करा. सोय म्हणजे 'केव्हाही सांगा, मी सोडीन' असे तोंडी बोलणे नव्हे. फज्रची वेळ ठरलेली आहे, बाजाराचा वार ठरलेला आहे. त्या वेळी त्यांनी हाक मारण्याआधी गाडी दारात असली पाहिजे. जिथे हे झाले, तिथे वडिलांनी आपण होऊन किल्ली खुंटीला लावल्याचे मी पाहिले आहे. हे काम मुलींनीही हाती घेतले आहे. गावात स्कूटरवर वडिलांना दवाखान्यात नेणाऱ्या मुली आता रोज दिसतात आणि त्या मुलांपेक्षा सावकाश चालवतात, हेही खरे.

वडील हट्टी असतील तर? असतातच. तिथे कायद्याची थोडी मदत होते. पंचावन्नच्या पुढे परवान्याचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. त्या निमित्ताने डोळे तपासून घ्या. मुलाच्या तोंडून ऐकलेला नकार बोचतो, तोच डॉक्टरांनी सांगितला तर वडील पत्करतात. कधी कधी मधला मार्गही निघतो. रात्री नाही, हमरस्त्यावर नाही, पण दिवसा गल्लीपुरती हलकी गाडी चालवायला हरकत नसते. लूना २०२४ मध्ये विजेवर चालणारी होऊन पुन्हा आली, चेतक २०२० मध्येच तशी आली होती. नाव ओळखीचे असले की म्हाताऱ्या माणसाला यंत्रही ओळखीचे वाटते.

आणि मागे बसवायचे कसे, तेही शिकून घ्या. त्यांना चढवताना गाडी ओट्याच्या किंवा पायरीच्या जवळ लावा. डाव्या बाजूने चढवा, कारण बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो आणि तापलेला असताना पाय भाजतो. त्यांच्यासाठी पाय ठेवण्याचे खुंट आधी स्वतः खाली वाकून उघडा. त्यांनी 'चल' म्हटल्याशिवाय क्लच सोडू नका. ब्रेक हळू लावा. खड्डा आला की आधी तोंडाने सांगा, कारण तुमच्या पाठीमुळे तो त्यांना दिसत नाही. वाटेत ते म्हणतील, 'गिअर बदल, इंजिन ओढत नाही.' त्यांचे ऐका. बहुधा ते बरोबर सांगत असतात.

मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट घालणे कायद्याने आवश्यक आहे. स्वतःसाठी आणाल तेव्हा त्यांच्यासाठीही आणा. टोपीच्या मापावरून अंदाज येतो, पण दुकानात त्यांना बरोबर नेलेले बरे. कानाला दाब बसतो की नाही, हे घालून पाहिल्याशिवाय समजत नाही.