मुखवटा मारला कुणी?

आधी एक हिशेब बघा. फ्रान्समधलं एक म्हातारं जोडपं घर रिकामं करायला निघालं. अडगळीत एक लाकडी मुखवटा सापडला. लांबोडका, पांढरट. नवऱ्याचा आजा आफ्रिकेत फ्रेंच सरकारचा गव्हर्नर होता, त्यानं १९१७ च्या सुमारास आणलेला. २०२१ साली जोडप्यानं तो जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याला विकला, १५० युरोला. मार्च २०२२ मध्ये मॉन्पेलिए शहरात त्याचा लिलाव झाला. बोली गेली ४२ लाख युरोवर. लिलावाच्या हॉलातच गॅबॉनच्या माणसांनी निषेध केला, पण हातोडा पडला. मग जोडपं कोर्टात गेलं, आम्हाला फसवलं म्हणून. गॅबॉन सरकारही गेलं, आमचा मुखवटा आम्हाला द्या म्हणून. डिसेंबर २०२३ मध्ये कोर्टानं दोघांनाही वाटेला लावलं.

तो मुखवटा फांग लोकांचा. न्गिल नावाचं त्यांचं एक गुप्त मंडळ होतं, त्याचा. चेहऱ्याला पांढरी माती, कारण पांढरा रंग मेलेल्या पूर्वजांचा. रात्री मशालीच्या उजेडात तो गावात यायचा आणि गुन्हेगार हुडकायचा. चेटूक करणारा, विष घालणारा असेल त्याची पाचावर धारण बसायची. फ्रेंच सरकारनं न्गिल बंद पाडलं. आता गंमत बघा. ज्या सरकारनं हा न्यायनिवाडा बेकायदा ठरवला, त्याच सरकारच्या गव्हर्नरानं न्यायाधीशाचं तोंड घरी नेलं. आणि शंभर वर्षांनी कोर्ट भरलं ते फ्रान्समध्ये.

मी 'तोंड' म्हणतो ते मुद्दाम. तिथं मुखवटा म्हणजे नुसतं लाकूड नव्हे. गवताचा झगा, ढोल, गाणं, नाचणारा देह, भोवतीचा गाव, हे सगळं मिळून मुखवटा. एकदा तो चढवला की आतला माणूस अमक्याचा तमका राहत नाही. ओळखीचा असला तरी त्याचं नाव घ्यायचं नाही. युरोपच्या लोकांनी झगा फेकला, ढोल सोडला, नाचणाऱ्याला मजुरीला लावलं आणि मुंडकं तेवढं काचेत ठेवलं. १९०७ साली पिकासोनं पॅरिसच्या त्रोकादेरो संग्रहालयात असले मुखवटे पाहिले आणि चित्रकला बदलली, असं कलावाले डोळे मिटून सांगतात. पिकासोचं नाव जगाला पाठ. कोरणाऱ्याचं नाव? पाटीवर बहुतेक नसतंच, जमातीचं असतं. थानाच्या काठावर गिरणीचा छाप असतो, विणणाऱ्याचं नाव नसतं, तसंच हे.

आणि आपण कवी काय करतो? आपल्या दर तिसऱ्या कवितेत 'मुखवटे फाडा' असतं. मराठीत मुखवटा म्हणजे ढोंग. ही समजूत घेऊन आफ्रिकेकडे बघाल तर काही कळायचं नाही. उघड्या तोंडानं जे बोलता येत नाही ते तिथं मुखवटा घालून बोलतात.

आता आपल्यातला बुद्धिवादी मित्र उठेल. म्हणेल, पोतराजाचा आसूड आपण टाकला, देव अंगात येणं टाकलं, ते काय आफ्रिकेतली भुतं डोक्यावर घ्यायला? रास्त सवाल आहे. आत्मा मीही मानत नाही. पण म्हणून सगळं एका खड्ड्यात गाडू नका. मुखवटा कुणाच्या बाजूनं नाचतो, ते विचारा.

मलावी, झांबिया, मोझांबिक इथल्या चेवा लोकांचा गुले वामकुलू घ्या. मयताला, पोरांच्या दीक्षेला न्याऊ मंडळाचे मुखवटे नाचतात. मेलेल्यांचे आत्मे असतात, रानटी जनावरं असतात, आणि गुलामांचा व्यापारीही असतो! मिशनरी हा नाच बंद करायला टपले होते, तर चेव्यांनी लाल तोंडाचा गोरा साहेबच मुखवट्यात आणला आणि भर गावात नाचवला. आता त्यात होंडा मोटारसायकल आहे, हेलिकॉप्टर आहे. पितरांच्या नावाखाली मालकाला हसून घ्यायचं. ही अंधश्रद्धा म्हणायची?

पण आफ्रिका म्हणजे स्वर्ग, असंही मला कुणी सांगू नये. मालीत बामना लोकांचा कोमो मुखवटा कोण कोरतं? नुमू, म्हणजे लोहार. कोमोचा कारभार त्यांच्याच हातात. लोक त्यांना भितात, त्यांच्यावाचून अडतं, पण सोयरीक करत नाहीत. नुमूचं लग्न नुमूतच. ओळखीचं वाटतंय ना?

आणि सिएरा लिओनच्या मेंडे बायकांचा सोवेई. काळाभोर, तुळतुळीत, उंच कपाळाचा, मानेला वळ्या. आफ्रिकेत मुखवटा बहुतेक पुरुष घालतात, हा मात्र बाई घालते. संडे मंडळाची बाई. पोरींना ती जाणती करते. आणि त्याच दीक्षेत पोरींच्या मांड्यांमध्ये पातंही चालतं. मुखवटा बाईचा, काळ्या बाईचा, म्हणून ते पातं मी माफ करू? तिथल्याच बायका त्याविरुद्ध उभ्या आहेत. मी त्यांच्या बाजूचा.

बुद्धिवादी मित्रानं यावर काय ते लिहून द्यावं. टपरीवर चहा पिता पिता नको.