या पापाचे धनी कोण?

ज्याने आदल्याच वर्षी कॅन्सस सिटीला पन्नास वर्षांच्या प्रतीक्षेनंतर विजेतेपद मिळवून दिले होते, ज्याच्या उजव्या हाताचे मोल मालकांनी अवघ्या सात महिन्यांपूर्वी दहा वर्षांसाठी पन्नास कोटी डॉलरांपर्यंत ठरवले होते, ज्याच्याहून श्रेष्ठ क्वार्टरबॅक अमेरिकन फुटबॉलमध्ये आज नाही असे पंडितांपासून पोरांपर्यंत सारे छातीठोकपणे सांगत होते, तो पॅट्रिक महोम्स ७ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री, टॅम्पाच्या मैदानावर, पंचावन्नाव्या सुपर बोलच्या महासोहळ्यात, कोट्यवधी लोकांच्या डोळ्यांदेखत जीव मुठीत धरून पळत होता. प्रतिस्पर्धी आक्रमकांनी त्याच्यावर २९ वेळा दबाव आणला. सुपर बोलच्या इतिहासात एवढा मारा कोणाच्याही वाट्याला आला नव्हता. चेंडू फेकण्याआधी किंवा पकडले जाण्याआधी तो त्या रात्री एकूण ४९७ यार्ड धावला, म्हणजे जवळजवळ पाच मैदानांची लांबी, आणि त्यातले बहुतेक अंतर मागे किंवा आडवे. धावफलक ३१-९, टॅम्पाच्या बाजूने. सकाळ झाली तेव्हा साऱ्या जाणकारांच्या मुखी एकच शब्द होता: दुर्दैव!

आम्हाला हा शब्द मान्य नाही.

ज्या खेळात प्रत्येक डावाला पाच माणसांची लाइन (मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, दोन्ही कडांना टॅकल) चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपुढे देहाची भिंत करून उभी राहते, ज्यांना सहसा चेंडू झेलता येत नाही, ज्यांच्या नावावर कोणतेही गुण लागत नाहीत, ज्यांचे सव्वाशे-दीडशे किलोंचे देह एका सामन्यात साठ-सत्तर वेळा तेवढ्याच वजनाच्या देहांवर आदळतात, आणि ज्यांचे गुडघे पुष्कळदा शत्रूपेक्षा आपल्याच सहकाऱ्याच्या कोसळत्या अंगाखाली सापडून निकामी होतात, त्या खेळात यातील कोणी ना कोणी हंगाम संपण्यापूर्वी अंथरुणाला खिळणार हे सांगण्यासाठी ज्योतिषी लागत नाही. जे अटळ आहे आणि जे सर्वांना ठाऊक आहे, त्याची तजवीज न करणे ही हेळसांड आहे; आणि हेळसांडीवर दैवाचा शिक्का मारणे ही लबाडी आहे.

कॅन्सस सिटीचा त्या हंगामाचा हिशेबच पाहा. गार्डच्या जागेवरचा लोरों दुव्हर्ने-टार्डिफ हा मूळचा डॉक्टर; महासाथीत त्याने खेळ बाजूला ठेवला आणि माँट्रियलकडे वृद्धांच्या शुश्रूषागृहात रुजू झाला. (त्या एका माणसाला मात्र आमचा दंडवत, या साऱ्या प्रकरणात कर्तव्याचा अर्थ नेमका त्यालाच कळला होता.) ऑक्टोबरमध्ये गार्ड केलेची ओसेमेली दोन्ही गुडघे गमावून बसला. त्याच महिन्यात उजवा टॅकल मिचेल श्वार्ट्झ याची पाठ गेली. २०१२ पासून सात हजारांहून अधिक डाव एकही न चुकवता खेळलेला हा गडी, आणि अशा माणसाची पाठ कधी मोडणारच नाही या भरवशावर सारा संघ झोपी गेला होता! शेवटी अंतिम लढतीच्या दोन आठवडे आधी डाव्या टॅकलचा, एरिक फिशरचा, टाचेमागचा स्नायुबंध तुटला. हंगामाच्या पहिल्या सामन्यात उभ्या राहिलेल्या पाचांपैकी सुपर बोलला आपल्या मूळ जागेवर उरला तो एकटा सेंटर, ऑस्टिन रायटर. उजवीकडचा माईक रेमर्स डावीकडे सरकवला गेला, गार्डच्या जागेवरचा अँड्र्यू वायली टॅकल म्हणून बाहेर ढकलला गेला. फाटलेल्या गोधडीला तिचाच काठ कापून ठिगळ लावावे तसा हा प्रकार. मधले भोक बुजत नाही आणि काठ मात्र उसवतो.

माणसे तर मिळाली ना, मग भिंत का कोसळली, असे कोणी विचारील. ज्याला लाइनचे काम म्हणजे निव्वळ रेटारेटी वाटते त्यानेच असे विचारावे. डाव्या टॅकलची पावले उजव्या टॅकलच्या पावलांची आरशातली प्रतिमा असतात. वर्षानुवर्षे एका पायावर मागे सरकण्याची सवय लागलेल्या देहाला दोन आठवड्यांत दुसऱ्या पायावर सरकायला शिकवता येत नाही. सेंटर समोरची मांडणी वाचतो, कोणी कोणाला अडवायचे ते ओरडून सांगतो, आणि दोन आक्रमक ऐन वेळी जागांची अदलाबदल करून आत घुसले तर शेजारी-शेजारी उभ्या दोघांनी एक शब्दही न बोलता आपापली शिकार एकमेकांच्या हवाली करायची असते. ही जाण सरावातून, सहवासातून, एकत्र खाल्लेल्या मारातून येते. टॅम्पाच्या बचावाचे प्रशिक्षक टॉड बोल्स हे जाणून होते. त्यांनी जादा माणसे क्वचितच पुढे धाडली. चौघांनी तटबंदी फोडली आणि उरलेले सात जण निवांतपणे मागे चेंडूची वाट पाहत उभे राहिले.

यानंतर जे घडले त्याने आमचा मुद्दा आमच्याहून अधिक ठासून सांगितला आहे. महिना उलटतो न उलटतो तोच जायबंदी फिशर आणि जायबंदी श्वार्ट्झ या दोघांनाही संघातून निरोप देण्यात आला, आणि मग एकाएकी तिजोरी उघडली! जो थुनीला पाच वर्षांसाठी आठ कोटी डॉलर, ऑर्लँडो ब्राउनसाठी बाल्टिमोरशी सौदा, क्रीड हम्फ्री आणि ट्रे स्मिथ हे दोन नवे तरुण. दोनच वर्षांनी, १२ फेब्रुवारी २०२३ रोजी, त्याच महोम्सला सुपर बोलमध्ये एकदाही कोणी चेंडूसह लोळवू शकले नाही आणि संघ ३८-३५ ने जिंकला. दुर्दैव पैशाने आणि नियोजनाने दूर होत असेल तर ते दुर्दैव कसले? पण शहाणपण टिकले नाही. डावा टॅकल म्हणून एकामागून एक उमेदवार फसले, आणि फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये गार्ड म्हणून घेतलेला तोच थुनी पुन्हा परक्या जागेवर उभा. महोम्स सहा वेळा लोळवला गेला; फिलाडेल्फियाने जादा माणूस एकदाही पुढे न धाडता ४०-२२ असा फडशा पाडला. पुढच्या महिन्यात थुनीची रवानगी शिकागोला झाली.

सिनसिनाटीची कथा याहून लाजिरवाणी आहे. २०२० साली नवोदितांच्या वार्षिक निवडीत साऱ्या देशातून पहिला निवडलेला क्वार्टरबॅक जो बरो दहा सामन्यांत ३२ वेळा आपटला गेला आणि नोव्हेंबरमध्ये त्याचा डावा गुडघा फाटला. पुढच्या एप्रिलला पाचव्या क्रमांकाची निवड हाती असताना पनेई सूवेल हा धिप्पाड टॅकल समोर होता. संघाने चेंडू झेलणारा जमार चेस घेतला. चेस हिरा निघाला हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण हिऱ्याच्या झळाळीत पुढचे आकडे कोणी वाचलेच नाहीत: त्या हंगामात बरोला ५१ वेळा लोळवले, बाद फेरीत आणखी १९ वेळा, त्यात टेनेसीविरुद्ध एकाच सामन्यात नऊ वेळा आणि सुपर बोलमध्ये सात वेळा. तो सुपर बोल तीन गुणांनी हातचा गेला. मग जाग आली, तीन नवे लाइनमन विकत घेतले गेले. पण त्या तिघांच्या मागे कोण, हा प्रश्न पुन्हा कोणी विचारला नाही. २०२२ च्या हंगामाअखेर कॉलिन्स, कापा आणि जोना विल्यम्स हे तीन मोहरे पडले. बफेलोच्या बर्फात राखीव गड्यांनी एक सामना मारून नेला, आणि लागलीच सर्वत्र डंका पिटला गेला की सिनसिनाटीची चिंता मिटली! आठवड्याने कॅन्सस सिटीत बरो पाच वेळा धुळीत मिळाला. पराभव पुन्हा तीन गुणांनी.

राखीव लाइनमन घडवता येत नाहीत, असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी फिलाडेल्फियाकडे पाहावे. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांचा दिग्गज टॅकल जेसन पीटर्स गुडघा गमावून बाहेर गेला. पाचव्या फेरीत निवडलेला वायटाय त्याच्या जागी उभा राहिला आणि त्या संघाने आपला पहिला सुपर बोल जिंकला. पुढच्याच वर्षी त्यांनी सातव्या फेरीत ऑस्ट्रेलियाचा जॉर्डन मायलाटा उचलला. या रग्बीपटूने अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना आयुष्यात खेळला नव्हता. गुरू जेफ स्टाउटलँड यांच्या हाताखाली त्याला दोन वर्षे शिजू दिले. २०२५ मध्ये महोम्सला धूळ चारणाऱ्या संघाचा डावा टॅकल तोच होता.

आणि प्रेक्षक? न्यू जर्सीपासून डॅलसपर्यंत रविवारी दुपारी दूरचित्रवाणीसमोर बसणाऱ्या आमच्या मराठी बांधवांनाही आम्ही यातून वगळत नाही. पोराला क्वार्टरबॅकच्या नावाचा सदरा हौसेने आणून देणाऱ्या किती बापांना साठी-सत्तरीच्या क्रमांकाच्या एका तरी लाइनमनचे नाव सांगता येईल? घरबसल्या काल्पनिक संघ बांधण्याच्या खेळात तर या पाच जणांना जागाच नाही. त्यांची आठवण होते ती त्यांनी कोणाला धरले म्हणून पंचाचे पिवळे फडके पडते तेव्हा! शिवी देण्यापुरते नाव ठाऊक असणारा हा समाज मालकांना जाब कुठल्या तोंडाने विचारणार?

परंतु दोषाचा सिंहाचा वाटा हा खेळ चालवणाऱ्या लीगचाच. क्वार्टरबॅकच्या गुडघ्याला हात लागू नये म्हणून तिने नियमांवर नियम रचले, कारण त्याच्या गुडघ्यावर जाहिरातींचे साम्राज्य उभे आहे. लाइनमनसाठी काय केले? खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या २०२० च्या करारात सामन्याला ४८ खेळाडू सज्ज ठेवण्याची मुभा दिली, ती किमान आठ लाइनमन असतील तर. पाच मैदानात, तीन बाकावर: एवढीच ती दया! आणि त्याच करारातून पुढच्या वर्षी नियमित हंगाम १६ सामन्यांवरून १७ वर नेला. २०११ पासून अंगावर पूर्ण चिलखत चढवून करायचा सराव हंगामात १४ दिवसांवर आणला गेला. शरीरांच्या दृष्टीने ते योग्यच झाले, आम्ही त्याला विरोध करणार नाही. मात्र ज्या सरावात राखीव गडी तयार होत असे तो आटवल्यावर, राखीव गड्यांची संख्या वाढवण्याचे आणि त्यांना शिकवण्याचा वेगळा खर्च उचलण्याचे भान कोणाला झाले नाही. डोके वाचवले म्हणून पाठ थोपटून घ्यायची आणि गुडघे वाऱ्यावर सोडायचे!

डोक्याचे तरी काय सांगावे! पिट्सबर्गचा माईक वेब्स्टर हा सेंटर चार सुपर बोल जिंकून, १७ हंगाम इतरांसाठी कपाळ पुढे करून, खेळाच्या सन्मानमंदिरात विराजमान होऊन, शेवटी स्वतःच्या ट्रकमध्ये रात्री काढत २००२ साली पन्नासाव्या वर्षी मेला. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याचा मेंदू तपासला, तडाख्यांनी झिजलेल्या त्या मेंदूचा अहवाल २००५ मध्ये प्रसिद्ध केला, आणि लीगच्या वैद्यकीय समितीने तो अहवाल मागे घेण्याची मागणी केली. फुटबॉल आणि मेंदूची ही झीज यांचा संबंध आहे, हे लीगच्या अधिकाऱ्याच्या तोंडून जाहीरपणे बाहेर पडायला २०१६ साल उजाडले. वेब्स्टर तोवर चौदा वर्षे मातीत होता.

अशा लीगचे आयुक्त रॉजर गुडेल आता अठराव्या सामन्याची भाषा बोलत आहेत. आणखी एक रविवार, आणखी सत्तर धडका, आणि पाठीमागे तेच तीन गडी. आमची मागणी स्पष्ट आहे: ५३ जणांची पथकमर्यादा वाढवा, सामन्याला दहा लाइनमन सज्ज ठेवणे सक्तीचे करा, राखीवांच्या शिक्षणाचा खर्च मालकांच्या माथी बसवा, आणि खेळताना जायबंदी झालेल्याला तो बरा होईपर्यंत दाराबाहेर काढण्यास मनाई करा. हे होईपर्यंत गुडेल यांनी अठराव्या सामन्याचे नावही काढू नये.