पिल्लांचे डोळे आणि लसीचा भरवसा

शाळेच्या मागच्या व्हरांड्यातील मांजरीच्या पिल्लांचे डोळे चिकटले आहेत. यावर आमच्याकडे दोन सूचना आल्या. एक, पिल्ले गोणीत घालून गावाबाहेर सोडावीत. दुसरी, सगळ्यांना लस टोचावी म्हणजे कटकट मिटेल. आम्हाला दोन्ही मान्य नाहीत.

उपाशी मरेल अशा स्थितीत प्राणी टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या सूचनेबद्दल एवढे पुरे.

लसीचे मात्र नीट समजून घ्यावे. पिल्लांचे डोळे येण्यामागे पुष्कळदा क्लॅमिडिया फेलिस नावाचा जीवाणू असतो. (कधी विषाणूही असतात, ते पशुवैद्यांनीच ठरवावे.) आधी एक डोळा सुजतो, काही दिवसांत दुसरा. हा जंतू पेशींच्या आत शिरून वाढतो, शरीराबाहेर फार टिकत नाही. म्हणून तो पसरतो जवळच्या संपर्काने, डोळ्यांतील स्रावातून. डोळे उघडले म्हणून औषध मध्येच सोडले की तो पुन्हा डोके वर काढतो. उपचार साधारण चार आठवडे चालतो, आणि एकत्र राहणाऱ्या सर्वच मांजरांना द्यावा लागतो. लस आजार सौम्य करते, लागण पुरती रोखत नाही. आणि आजारी पिल्लू तिने बरे होत नाही.

लसीला आम्ही कमी लेखत नाही. ऑस्ट्रेलियात याच कुळातील जंतूमुळे कोआला आंधळे व वांझ होतात. तेथील सनशाइन कोस्ट विद्यापीठाने अनेक वर्षे खपून केलेल्या लसीला सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. पण आपल्या आजी-आजोबांना ठाऊक असलेल्या खुपऱ्या आठवा. तो माणसांचा रोगही याच कुळातला, आणि त्यावर आजही लस नाही. तरी सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून तो हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य केले. औषधे, शस्त्रक्रिया, स्वच्छ पाणी आणि रोज तोंड धुण्याची सवय, यांनी ते साधले.

मांजरांचा हा आजार माणसाला क्वचितच होतो. तरी मुलांनी आजारी पिल्लांना हाताळू नये. हात लागलाच तर साबणाने धुवावा. ओरखडा किंवा चावा ही वेगळी बाब आहे. तेथे रेबीजचा धोका असतो. जखम पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, घरी लपवू नये.

पिल्लांना माळ्याच्या रिकाम्या खोलीत ठेवून पशुवैद्यांना बोलवावे, असे आमचे मत आहे. चार आठवड्यांच्या औषधाचा खर्च विश्वस्तांनी मंजूर करावा, ही विनंती.