‘घरच्यांचा विचार कर’ असं सांगून माणूस वाचतो का?

आत्महत्येची बातमी सोशल मीडियावर आली की खालच्या कमेंट ठरलेल्या असतात. ‘आईवडिलांचा तरी विचार करायचा होता.’ ‘लेकरांचं काय होणार, हे सुचलं नाही का?’ ‘हा पळपुटेपणा आहे.’

लिहिणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा वाईट नसतो. पण याच कमेंट असाही कुणीतरी वाचत असतो, ज्याच्या मनात गेले काही दिवस तेच विचार येत आहेत. त्याला त्यातून काय ऐकू येत असेल?

घरच्यांचा विचार माणसाला खरंच थांबवू शकतो. मात्र तोच विचार दोष देऊन सांगितला तर उलटा परिणामही होऊ शकतो. हे कसं, ते समजून घेऊया.

प्रश्न किती मोठा आहे?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात १,७०,९२४ जणांचा आत्महत्येने मृत्यू झाला. त्यात सर्वाधिक २२,७४६ मृत्यू महाराष्ट्रातले होते. म्हणजे राज्यात दिवसाला सरासरी ६२. नोंदवलेल्या कारणांमध्ये कौटुंबिक समस्या (३१.७ टक्के) आणि आजारपण (१८.४ टक्के) सगळ्यात वर होती. अर्थात, तज्ज्ञ सांगतात की आत्महत्येमागे सहसा एकच कारण नसतं. नैराश्य, पैशाची अडचण, व्यसन, एकटेपणा अशा अनेक गोष्टी एकत्र आलेल्या असतात.

त्यांनी घरच्यांचा विचार केलेलाच नसतो का?

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉयनर यांचे वडील आत्महत्येने गेले. जॉयनर तेव्हा मानसशास्त्रातच पुढचं शिक्षण घेत होते. पुढे त्यांनी याच विषयाचा अभ्यास केला आणि २००५ मध्ये आपला सिद्धांत पुस्तकातून मांडला. त्यांच्या मते अशा अवस्थेत दोन भावना फार तीव्र असतात. ‘मी कुणाचाच नाही’ ही एक, आणि ‘मी सगळ्यांवर ओझं आहे’ ही दुसरी.

दुसरी भावना नीट लक्षात घ्यायला हवी. अशा माणसाने घरच्यांचा विचार केलेला असतो, बऱ्याचदा रात्र रात्र जागून. पण नैराश्यात त्याचा हिशोब चुकतो. माझ्या औषधांचा खर्च, माझं कर्ज, माझ्यामुळे होणारी भांडणं, हे सगळं मी नसलो की संपेल, असं त्याला मनापासून वाटतं. अशा वेळी ‘तू स्वार्थी आहेस’ असं ऐकलं की ‘मी वाईटच आहे’ ही समजूत आणखी पक्की होते.

मग हा विचार वाचवतो कधी?

मार्शा लिनेहान हे मानसोपचारातलं मोठं नाव. भावना आवरणं ज्यांना फार कठीण जातं, अशा लोकांसाठी त्यांनी डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी ही उपचारपद्धती तयार केली. १९८३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘जगण्याची कारणं’ मोजणारी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. माणसाला आत्महत्येपासून काय रोखतं, हे त्यांना शोधायचं होतं. त्यात कुटुंबाची जबाबदारी आणि मुलांची काळजी ही कारणं ठळक होती. त्यासोबत ‘यातूनही मार्ग निघेल’ हा विश्वासही होता.

२०११ मध्ये लिनेहान यांनी जाहीरपणे सांगितलं की तरुणपणी त्या स्वतःच या अंधारातून गेल्या होत्या. तेव्हा त्या मनोरुग्णालयात दाखल होत्या. तिथून बाहेर पडून त्यांनी आयुष्यभर इतरांवर उपचार केले.

म्हणजे घरच्यांची आठवण उपयोगी पडते, ती आपण कुणाला तरी हवे आहोत याची खूण म्हणून. ‘तू गेल्यावर आम्ही लोकांना काय तोंड दाखवू?’ या वाक्यात ती खूण नसते. ‘तू नसलास तर मला करमत नाही’ यात असते.

ती वेळ टळली तर पुढे काय होतं?

‘आज अडवलं तर उद्या करेलच’ असा एक समज आहे. संशोधक रिचर्ड सायडन यांनी १९७८ मध्ये तो तपासला. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये १९३७ ते १९७१ या काळात आत्महत्येच्या प्रयत्नात अडवल्या गेलेल्या ५१५ लोकांचं पुढे काय झालं, हे त्यांनी पाहिलं. त्यातले सुमारे ९४ टक्के लोक एकतर हयात होते किंवा नैसर्गिक कारणांनी गेले होते. टोकाची इच्छा कायम तशीच राहत नाही. ती येते, वाढते आणि ओसरते. ती ओसरेपर्यंत सोबत मिळणं सगळ्यात महत्त्वाचं असतं.

मागे राहणाऱ्यांचं ओझं खरंच कमी होतं का?

नाही. ज्युली सेरेल यांच्या अमेरिकेतल्या अभ्यासानुसार एका आत्महत्येची झळ सरासरी १३५ ओळखीच्या लोकांपर्यंत पोहोचते. जवळच्यांना ‘मला आधी का कळलं नाही?’ हा प्रश्न वर्षानुवर्षं सोडत नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी कुटुंबांमध्ये तर दुःखासोबत कागदपत्रांची धावपळही वाट्याला येते. प्रकरण ‘पात्र’ ठरलं तरच सरकारी मदत मिळते. जमीन नावावर करून घेण्यासाठी पत्नीला खेटे घालावे लागतात, आणि सावकाराचा तगादा काही थांबत नाही.

कुणी वाचलं तर पोलिस केस होते का?

या भीतीने अनेक घरांत प्रयत्न लपवला जातो आणि उपचारही राहतात. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेतलं कलम ३०९ नाही. सरकारी कर्मचाऱ्याला कामापासून रोखण्यासाठी किंवा त्याच्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र कलम २२६ नुसार आजही गुन्हा आहे.

आपण काय करू शकतो?

थेट विचारा. ‘जीवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?’ असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे संशोधनातून दिसलं आहे. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर उपदेश करू नका. ऐकून घ्या, माणसाला एकटं सोडू नका, धोकादायक वस्तू दूर ठेवा आणि सोबत डॉक्टरांकडे जा.

बरं वाटत असताना एका कागदावर योजना लिहून ठेवणंही उपयोगी पडतं. त्रास वाढत असल्याची लक्षणं कोणती, तेव्हा काय केल्याने बरं वाटतं, कुणाला फोन करायचा, कुठे जायचं, एवढं पुरे. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत अशी योजना करून दिली गेली आणि नंतर फोनवर विचारपूसही होत राहिली. पुढच्या सहा महिन्यांत त्या रुग्णांमध्ये आत्महत्येशी संबंधित कृती सुमारे ४५ टक्क्यांनी कमी दिसल्याचं २०१८ च्या अभ्यासात नोंदवलं आहे.

आणि हे वाचणारे तुम्हीच त्या अवस्थेत असाल, तर घरच्यांना तुमच्यापासून सुटका हवी आहे हा निष्कर्ष आज खरा मानू नका. तो त्यांना विचारून काढलेला नाही. आज फक्त एका माणसाला सांगा: ‘मला ठीक वाटत नाहीये, थोडा वेळ माझ्याजवळ थांब.’

मदत कुठे मिळेल? केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत सुरू असते आणि तिथे मराठीतही बोलता येतं. जीवाला तातडीचा धोका असेल तर ११२ वर फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जा.