पडद्यावरचे आकाश

यंदाच्या स्मरणिकेसाठी वैद्यकाबाहेरच्या एखाद्या आवडीविषयी लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना होती. माझी आवड वाचून काही व्यवसायबंधूंच्या भुवया उंचावतील, याची मला कल्पना आहे. दवाखान्याचा भार पुढच्या पिढीकडे सोपवल्यापासून माझ्या बऱ्याचशा संध्याकाळी संगणकावरील अवकाशविषयक खेळांत जातात. हे सांगण्यामागे माझे एक मत आहे, आणि त्याचा संबंध आपल्या रोजच्या कामाशी आहे.

पालक मुलाला घेऊन येतात आणि म्हणतात, ‘डॉक्टर, हा दिवसभर गेम खेळतो.’ आपण तत्काळ सांगतो, ‘बंद करा.’ नुसता ‘ताप आहे’ एवढे ऐकून आपल्यापैकी कोणी औषध लिहून देत नाही. किती दिवसांचा, थंडी वाजून येतो का, चढ-उतार कसा, हे आधी विचारतो. ‘गेम’ या शब्दाबाबत मात्र आपण एकही प्रश्न न विचारता निदान करून मोकळे होतो. खेळाखेळांत फरक असतो, आणि तो वैद्याने जाणून घेतला पाहिजे, हे माझे म्हणणे आहे. अवकाशाच्या खेळांवरून तो फरक चांगला उमजतो.

आमच्या पिढीला आकाशाची ओढ लागली ती पुस्तकांतून. मे २०२५ मध्ये दिवंगत झालेल्या डॉ. जयंत नारळीकरांच्या मराठी लेखनाने कित्येक घरांतील मुलांना रात्री गच्चीवर नेले. डोंगरापलीकडे काय आहे, हे पाहण्याची ही वृत्ती माणसाच्या स्वभावातच आहे. प्रत्यक्ष अवकाशात जाणारे मोजके. उरलेल्यांना ती भूक अन्य मार्गांनी भागवावी लागते. संगणकीय खेळांचा आकाशाशी संबंधही जुनाच आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६२ साली ‘स्पेसवॉर’ नावाचा खेळ तयार झाला. दोन यानांच्या त्या झुंजीमागे पीटर सॅमसन यांनी खऱ्या ताऱ्यांचा नकाशा बसवला होता. झुंजीच्या खेळालाही मागे खरे आकाश असावेसे वाटले, ही गोष्ट मला बोलकी वाटते.

माझ्या मते शोधवृत्तीची भूक तीन प्रकारची असते. पहिली, कोणी न पाहिलेले पाहण्याची. दुसरी, तेथवर स्वतःच्या कौशल्याने पोहोचण्याची. तिसरी, पाहिलेल्याचा अर्थ लावण्याची. यांपैकी आपली भूक कोणती, हे ओळखल्याखेरीज योग्य खेळ सापडत नाही.

पहिल्या भुकेसाठी केंब्रिजच्या डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी १९८४ साली ‘एलिट’ हा खेळ रचला. ज्या संगणकावर तो चाले, त्याची स्मृती अवघी ३२ किलोबाइट होती. तेवढ्या जागेत त्यांनी आठ दीर्घिका आणि प्रत्येकीत २५६ ग्रह, असे २,०४८ ग्रह बसवले. ग्रहांची माहिती साठवलेली नव्हतीच. एका बीजांकावर ठरावीक गणिती क्रिया करून ती दर वेळी नव्याने, पण तंतोतंत तशीच निर्माण होई. एका पेशीतील सूचनांवरून संपूर्ण देह घडताना शिकलेल्या आपणा डॉक्टरांना या युक्तीचे सौंदर्य वेगळे सांगायला नको.

त्याच परंपरेतील ‘एलिट डेंजरस’ हा खेळ डिसेंबर २०१४ मध्ये आला. त्यात आपली संपूर्ण आकाशगंगा आहे. सुमारे चाळीस हजार कोटी तारकामंडले, त्यांपैकी लाखाहून अधिक तारे खऱ्या खगोलीय सूचींतून घेतलेले, आणि उरलेले ज्ञात नियमांवरून कल्पिलेले. एखाद्या ताऱ्यापाशी तुम्ही प्रथम पोहोचलात, तर त्यावर तुमचे नाव लागते. २०१९ साली दहा हजारांहून अधिक खेळाडूंनी मिळून आकाशगंगेच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत काही महिन्यांची मोहीम काढली होती. ‘नो मॅन्स स्काय’ या २०१६ च्या खेळाचा पसारा तर याहून मोठा. त्यातील ग्रहांची संख्या दोनाचा चौसष्टावा घात आहे. प्रत्येक ग्रहाला एकच सेकंद दिला, तरी सारे पाहायला सुमारे ५८ हजार कोटी वर्षे लागतील!

येथे मात्र माझी तक्रार आहे. विस्तार म्हणजे खोली नव्हे. ‘नो मॅन्स स्काय’चे पहिले स्वरूप पाहून अनेकांची निराशा झाली. पुढे त्याच्या निर्मात्यांनी वर्षानुवर्षे विनामूल्य सुधारणा करून तो पुष्कळ समृद्ध केला, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. तरीही शंभरावा ग्रह पाहताना नव्वदाव्याची आठवण येतेच. केवळ डोळे निवण्यापुरती भूक असेल, तर हे खेळ उत्तम आहेत; आणि गुडघ्यांनी प्रवासाला नकार दिलेल्या माझ्या समवयस्कांना मी ते आनंदाने सुचवीन.

दुसऱ्या भुकेसाठी ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’सारखा खेळ नाही. मेक्सिकोमधील एका जाहिरात-व्यवसायातील कंपनीने, फेलिपे फालांगे या तरुणाच्या कल्पनेतून तो घडवला. २०११ साली तो लोकांपुढे आला आणि २०१५ साली पूर्ण झाला. टाक्या, इंजिने, हवाईछत्र्या जोडून यान स्वतः बांधायचे आणि ते कक्षेत पोहोचवायचे. पहिली पाच-पंचवीस याने कोसळतात, हा त्यातील अभ्यासक्रमच होय. मग हळूहळू उमजते की नुसते उंच जाऊन भागत नाही, आडवा वेग हवा. त्याच कक्षेत पुढे चाललेल्या यानाला गाठायचे असेल, तर वेग वाढवून उपयोग नाही. वेग वाढवला की कक्षा मोठी होते आणि आपण आणखी मागे पडतो. उलट वेग किंचित कमी करून खालच्या, लहान कक्षेत उतरले, तर फेरी लवकर पूर्ण होते आणि अंतर तुटते. केप्लरचा नियम पाठ केलेले पुष्कळ असतात. तो अशा रीतीने हातात उतरतो. २०२३ साली चांद्रयान-३ पृथ्वीभोवती कक्षा वाढवत वाढवत चंद्राकडे का गेले, हे हा खेळ खेळलेल्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही. घ्यायचा तर पहिलाच भाग घ्यावा; २०२३ साली आलेला दुसरा भाग अपूर्णच राहिला.

तिसरी भूक ‘आउटर वाइल्ड्स’ भागवतो. ॲलेक्स बीचम यांच्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील विद्यार्थी-प्रकल्पातून तो उगवला, २०१९ साली प्रसिद्ध झाला आणि २०२० साली त्याला सर्वोत्कृष्ट खेळाचे बाफ्टा पारितोषिक मिळाले. त्यातील सूर्यमाला चिमुकली आहे. बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि सारे पुन्हा प्रथमपासून सुरू होते. या फेऱ्यांतून शस्त्र मिळत नाही, शक्ती मिळत नाही, संपत्तीही नाही. पुढल्या फेरीत सोबत येते ते केवळ मागील फेरीतले ज्ञान. येथील एक शिलालेख, तेथील एक अवशेष जुळवीत आपण एका लुप्त संस्कृतीचे कोडे सोडवतो. लक्षणे, नाडी आणि रुग्णाचे बोलणे यांतून निदानाकडे जाण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला ही वाट ओळखीची वाटेल. तिन्हींत माझे झुकते माप या खेळाला आहे, कारण तो संपतो. संपल्यावर खेळणारा मनात काही घेऊन उठतो.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ मध्ये ‘गेमिंग डिसऑर्डर’ समाविष्ट केले असून १ जानेवारी २०२२ पासून ते लागू आहे. त्यातील निकष नीट वाचावेत. खेळावरील ताबा सुटणे, अन्य गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम देणे, दुष्परिणाम दिसूनही तो चालू ठेवणे. आणि यामुळे दैनंदिन जीवन लक्षणीयरीत्या विस्कटलेले असणे, तेही सामान्यतः किमान बारा महिने. केवळ तासांची संख्या म्हणजे निदान नव्हे. भारतीय संसदेनेही ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयी कायदा करताना पैसे लावून खेळायचे खेळ वेगळे काढून त्यांवर बंदी घातली. कायद्याने केलेला भेद वैद्याने का करू नये?

चांगला खेळही झोप खाऊ शकतो, मान आखडवू शकतो, डोळे कोरडे करू शकतो, हे मी नाकारत नाही. ज्याला अंत नाही असा आकाशगंगेएवढा खेळ एकाकी माणसाला गिळूही शकतो. म्हणूनच माझी विनंती आहे की पालकांना चार प्रश्न विचारावेत. खेळाला शेवट आहे का? मध्येच थांबता येते का? खेळताना वारंवार पैसे मागितले जातात का? आणि खेळून उठल्यावर मूल काही विचारते का? चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर बंदीचा सल्ला देण्यापूर्वी मी क्षणभर थांबेन. विचारणाऱ्या मुलाची जिज्ञासा खुडून टाकणे हे आपले काम नव्हे.

शेवटी, पडद्यावरचे आकाश कितीही देखणे असले, तरी ते गच्चीवरच्या आकाशाला पर्याय नाही. आपल्या इंदूरहून तासा-दीड तासाच्या अंतरावर उज्जयिनीला सवाई जयसिंहांची वेधशाळा उभी आहे. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी १९२३ साली तिचा जीर्णोद्धार केला. आपल्या मंडळाने एका रविवारी सदस्यांच्या मुला-नातवंडांना तेथे न्यावे, सम्राट यंत्राच्या सावलीवरून वेळ मोजायला शिकवावे, आणि परतल्यावर सभागृहात त्याच मुलांकडून ज्येष्ठांनी कर्बलचे यान उडवायला शिकावे, अशी माझी सूचना आहे. या विषयात मुले आपल्याहून जाणती आहेत. त्यांच्यापाशी शिकायला बसण्यात कोणत्याही वयाच्या डॉक्टरला कमीपणा वाटू नये.